चिंचोका

आमच्या सरांच्या डाव्या खिशात शिट्टी असायची आणि उजव्या खिशात चिंचोके. शिट्टी क्वचित वाजायची. चिंचोके रोज निघायचे.

१९९५ साल असेल. मी सातवीत. शाळा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. जिल्हा तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, आणि गावाच्या वरच्या अंगाचा माळ ओलांडला की बीडची हद्द. खो-खोचं मैदान म्हणजे शाळेमागचा मुरमाड तुकडा. फक्कीनं आखलेली मधली पट्टी, तिच्यावर आठ चौकोन, दोन्ही टोकांना तासून गुळगुळीत केलेले खांब. उजाडायच्या वक्ताला आम्ही पोरी तिथं अनवाणी, उकिडव्या बसायचो. एकीचं तोंड शाळेकडं, दुसरीचं ओढ्याकडं. सर मागून यायचे, वाकायचे आणि एकेकीच्या मागच्या टाचेखाली चिंचोका ठेवायचे.

"ह्यो झोपलाय," म्हणायचे. "उठवू नका."

बास. एवढंच शिक्षण.

चिंचोका काही फुटत नाही, हे आम्हालाही ठाऊक होतं. चुलीत भाजल्याशिवाय तो दातालासुद्धा दाद देत नाही. पण उघडी टाच त्याच्यावर टेकली की टोचायचं, तोंडातून "आई गं" निघायचं आणि शेजारणीला हसू फुटायचं. म्हणून टाच टेकायची नाही. टाच वर राहिली की वजन आपसूक चवड्यावर यायचं, कंबर जराशी उचलली जायची, बोटं पुढं मातीला लागायची. खो-खोत बसलेला गडी बसलेला दिसतो एवढंच. निम्मा तो निघालेला असतो. टाच टेकून बसलेल्या पोरीला खो मिळाला की आधी तिचं अंग पुढं झुकतं, मग उठतं, मग पाय निघतो. तेवढ्यात पळणारी दोन चौकोन पार.

सरांनी "टाच वर ठेव" असं आम्हाला कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. हे ध्यानात यायला पुढं बरीच वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी मी शिट्टी वाजवण्यात घालवली.

बी.पी.एड. करून मी अशाच एका डोंगरपट्ट्यातल्या शाळेत क्रीडा शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा मला सगळं येत होतं. सांध्यांची नावं, स्नायूंची नावं, कुठला कोन किती अंशांचा. ते सगळं मी पोरींना देऊन टाकायचे, एका दमात. पाचवीतली एक काटकुळी पोर होती. तिला चौकोनात बसवलं आणि सुरू झाले: टाच वर, गुडघा आत, पाठ सरळ, मान वर, नजर समोर, बोटं जमिनीला, खांदे सैल. पोर माझ्या प्रत्येक शब्दासरशी तो-तो अवयव हलवत गेली आणि शेवटी ओल्या कपड्याच्या पिळ्यासारखी होऊन बसली. मागून मोठीनं खो दिला. ही जागची हलेना. मान वळवून मला विचारते, "मॅडम, आता उठू का?"

सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला कुणी सांगावं, की दोऱ्याकडं नको, तुझ्या बोटांकडं बघ. दोरा जाईल का?

पुढं एका उजळणी वर्गात गॅब्रिएले वुल्फ या जर्मन बाईंच्या प्रयोगाबद्दल ऐकलं. १९९८ साली छापून आलेला. बर्फावर घसरण्याचा सराव करायचं एक यंत्र असतं. त्याच्या फळीवर उभं राहून डावी-उजवीकडं झोके घ्यायचे. काहींना सांगितलं, पायांकडं लक्ष द्या, जोर पायांनी लावा. काहींना सांगितलं, पायाखालच्या चाकांकडं लक्ष द्या, जोर चाकांवर लावा. चाकं पायांच्या अगदी खालीच. पण चाकांकडं लक्ष देणाऱ्यांना ते चांगलं जमलं आणि नंतरही टिकलं. आपल्या अवयवाकडं बघत राहिलं की अंग एरवी गुपचूप करत असलेल्या कामात आपण हात घालतो आणि सगळं आखडतं. काम बाहेरच्या कशात तरी ठेवलं, तर अंग आपलं आपण जुळवून घेतं. असं त्याचं स्पष्टीकरण.

मी वही बंद केली. टाच आणि चिंचोका यांच्यात अंतर ते किती, बोटभरही नाही. १९९५ला तो प्रयोग छापलेलाही नव्हता. सरांकडं शाळेच्या कोपऱ्यातलं चिंचेचं झाड होतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महागात पडली.

सर सरावाला आमच्या मागून चालत जायचे. नुसते. कुणाला खो द्यायचे, कुणाला नाही. पाठीशी थांबायचे, श्वास ऐकू यायचा, आणि पुढं निघून जायचे. कधी दोघींना ओलांडून मागं फिरायचे. खो-खोत असं मागं फिरणं नियमात बसत नाही, पण सरांना फाउल कोण देणार? खो मिळाल्यावर समोर पळणारी कुठं असेल याचा नेम नसायचा. तिलाही त्यांनी वाटेल तिथं उभं केलेलं असायचं. एकदा एका अंगाला पाऊल पडलं की खांब ओलांडल्याशिवाय माघारी वळता येत नाही. त्यामुळं डावीकडं जायचं की उजवीकडं, हे उठता-उठताच ठरवायचं. आम्ही सतत चुकायचो. बघणाऱ्याला तो सराव वाटायचाच नाही, गोंधळ वाटायचा.

मी शिक्षिका झाल्यावर हा गोंधळ बंद केला. सगळं शिस्तीत. आज खांबावरचा सूर, म्हणजे खांब धरून पळणारीच्या अंगावर झेपायचं, म्हटलं की रांगेत चाळीस सूर. उद्या साखळी, बसलेल्यांमधून नागमोडी पळायची, परवा हूल. दहाव्या-बाराव्या सुरापासून पोरींचं अंग असं लवायला लागायचं की बघत राहावं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढायचे, पालकांच्या ग्रुपवर टाकायचे, खाली अंगठ्यांची रांग लागायची. त्या साली जिल्हा स्पर्धेत आमची दिसायला एक नंबर टीम पहिल्याच सामन्यात घरी आली. आमच्या पोरी खांबापर्यंत वाऱ्यासारख्या जायच्या आणि समोरची खांबाच्या आड नुसता खांदा हलवायची. आमच्या पोरी सूर मारायच्या तो रिकाम्या हवेत. एकीची हनुवटी सोलवटली. परतताना एसटीत कुणी गाणी म्हटली नाहीत.

माझ्या रांगेत खांब ठरलेला, अंतर ठरलेलं, पळणारी नव्हतीच. पहिला सूर मारताना पोरीनं काहीतरी ठरवलेलं असेल. उरलेले एकोणचाळीस ही त्याची नक्कल. सामन्यात सूर मारायचा आहे हे कुणी आधी सांगत नाही. सूर येणं सोपं. तो कधी मारायचा नाही, हे मी शिकवलंच नव्हतं.

यावरही अभ्यास झालेला आहे आणि तो तर माझ्या जन्माच्या आसपासचा. १९७९ साली जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी लोकांना हातानं छोटे लाकडी अडथळे पाडायच्या तीन रीती शिकवल्या. एका गटानं पहिली रीत घोटून घेतली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाला तिन्ही मिसळून दिल्या, पुढची कुठली येणार पत्ता नाही. सराव चालू असताना पहिला गट सरस. दहा दिवसांनी परत बोलावलं, तर दुसरा गट पुढं. मिसळून केलेल्या सरावात दरवेळी मागचं विसरून नव्यानं जुळवाजुळव करावी लागते. त्या वेळी ते त्रासाचं होतं, पण राहतं ते तेच. म्हणजे मैदानावर दिसतो तो आजचा सफाईदारपणा, आणि शिकणं झालं की नाही ते कळतं काही दिवस मध्ये गेल्यावर.

त्यांनी दहा दिवस मध्ये सोडले. आमच्याकडं पाच महिने जातात, आणि ती परीक्षा आम्ही घेत नाही, ऊस घेतो.

दसरा झाला की आमच्या भागात ऊसतोडीच्या मुकादमांच्या फेऱ्या वाढतात. उचल आधीच घरात येऊन खर्चलेली असते. दिवाळीच्या आगेमागे ट्रक, ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. हंगामी वसतिगृहात काही लेकरं मागं राहतात. सगळी राहत नाहीत. वयात आलेल्या पोरीला मागं ठेवायला आईचा जीव धजत नाही, आणि तिकडं कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतंच. ऑक्टोबरात बारा-पंधरा जणींचा सराव असतो, डिसेंबरात सहा-सात. गेलेल्या पोरी पाडव्याच्या सुमाराला परततात, रापलेल्या, हाताला पाचटाचे ओरखडे घेऊन, आणि पहिल्या दिवशी मैदानाच्या कडेला उभ्या राहतात, बोलावल्याशिवाय आत न येणाऱ्या पाहुण्यांसारख्या.

त्यांना चौकोनात बसवलं की मला माझ्या सरावाचा निकाल कळतो. माझ्या व्हिडिओत सगळ्यात सुंदर सूर मारणारी एक पोर होती. पाच महिन्यांनी ती खांबाजवळ गेली आणि थबकली, हात कुठून घालायचा तेच आठवेना. तिच्याबरोबरची दुसरी, जिला मी "वेंधळी" म्हणायचे (तोंडावर म्हणायचे, आता लाज वाटते), ती रांगेत कधी नीट उभी राहायची नाही. सुटीत मोठ्या पोरींच्या डावात घुसायची, बाद व्हायची, पुन्हा घुसायची. ती परतली आणि जणू कालच डाव अर्धा सोडून गेली होती. दोन पोरींवरून सिद्धांत मांडता येत नाही, मला कळतं. पण पुढची सात-आठ वर्षं मी हे बघत आले आणि हळूहळू माझी रांग मोडत गेले.

मोडायला २०१६च्या दुष्काळानंही हात लावला. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तो उन्हाळा. प्यायला पाणी नाही तिथं मैदानावर शिंपडायला कुठलं. मुरूम वाजायला लागला होता. सूर मारणं बंदच केलं, गुडघे फुटले असते. मग नुसता डाव. एक गडी बाद झाला की पुढच्या बारीला नियम बदलायचा: आता खांबाचा वापर नाही, आता मैदान अर्धंच, आता पळणारी एकच. मला तो नाइलाज वाटला होता. जूनमध्ये पाऊस पडून जमीन मऊ झाली आणि त्या पोरींना मी खांबावर नेलं, तर कधी झेपायचं ते त्यांना आधीच दिसत होतं. अंग टाकायला शिकवायचं तेवढं उरलं होतं.

आमच्या गावच्या वेशीजवळ दर उन्हाळ्यात घिसाडी उतरतात. भाता एक पोर फिरवतं, गडी चिमट्यात लालभडक फाळ धरतो आणि घण मारते ती बाई. मी तिथं उगीच उभी राहते. घण दरवेळी त्याच जागी पडतो, बोटभर इकडं नाही की तिकडं नाही. पण हात बघा. कधी कोपर बाहेर, कधी खांदा जास्त उचललेला, कधी पाय बदललेला. दमल्यावर तर सगळाच डौल वेगळा. निकोलाय बर्नस्टाइन नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात मॉस्कोत हेच मोजलं होतं, घण मारणाऱ्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधून आणि फोटो काढून. घणाचं टोक ठरल्या जागी, सांध्यांच्या वाटा मात्र दर ठोक्याला निराळ्या. त्यावरून त्यानं पुढं मांडलं की सरावात आपण उत्तर घोकत नसतो, तेच गणित दरवेळी पुन्हा सोडवत असतो. मी मात्र पोरींच्या कोपराचा कोन दुरुस्त करण्यात पाच वर्षं घातली होती. त्या घिसाडणीला मी कोपर आत घे म्हटलं असतं, तर तिनं घण माझ्या पायावर टाकला असता.

म्हणजे शिकवणाऱ्यानं गप्पच बसावं, असं मला म्हणायचं नाही. सरांची नक्कल म्हणून मी एक वर्ष गप्प बसूनही पाहिलं; पोरींना वाटलं, मॅडम रुसल्यात. अमेरिकेत जॉन वूडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होऊन गेले; त्यांच्या विद्यापीठाच्या संघानं बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. १९७४-७५च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ त्यांचे पंधरा सराव कडेला बसून बघत राहिले आणि त्यांचं शिकवण्यातलं प्रत्येक बोलणं, प्रत्येक कृती नोंदवत गेले. २,३२६ नोंदी. निम्म्या नोंदी निव्वळ काय आणि कसं करायचं, याच्या. शाबासकी सात टक्क्यांहूनही कमी. भाषण जवळपास नाहीच. चूक दिसली की हे असं कर, तू असं केलंस, असं कर. काही सेकंदांत दाखवून बाजूला. हा आकडा मी वाचला तेव्हा मला वूडनपेक्षा आमचे सरच दिसले. ते कमी बोलायचे म्हणून शहाणे नव्हते. बोलायचे ते त्या पोरीला, त्या क्षणी, हातातल्या कामाचं. "व्हय, आता समोर बघितलंस," इतकंच. त्या शाबासकीवर आठवडा जायचा.

आणि नवख्या लेकराला थोडं घोटून घ्यावंच लागतं, हेही कबूल केलं पाहिजे. ज्या पोरीला खो कशाशी खातात हे माहीत नाही, तिला पहिल्याच दिवशी गोंधळात टाकलं तर ती दुसऱ्या दिवशी येतच नाही. पाच-दहा वेळा तेच, तिला "जमलं" वाटेपर्यंत. मग मोडायचं. कधी मोडायचं याला माप नाही. मी अजून चुकते, बहुतेक वेळा उशीर करून.

आमच्या गावात एक लाडकं मत आहे: "ह्ये रक्तातच असावं लागतंय. मॅडम काय करणार?" त्याला दाखला म्हणून धावपटू अविनाश साबळेचं नाव येतं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा, आईबाप वीटभट्टीवर, शाळेला सहा किलोमीटरची वाट. तिथं पाय तयार झाले, बरोबर. पण तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे असतात आणि सात वेळा पाण्यावरून उडी. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच, धक्का लागला तर पडत नाही, आपणच पडतो. ते ओलांडणं मांडव्याच्या वाटेवर नव्हतं. ते लष्करात गेल्यावर, वयाची विशी उलटल्यावर, अमरीश कुमार यांच्या हाताखाली आलं. २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं ८:११.२० वेळ देऊन रौप्य घेतलं. धाराशिवच्या खो-खोपटू सारिका काळेला २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही पारावर हेच बोलणं झालं: रक्त. रक्ताचा मला राग नाही. पण मग पहाटे पाचला फक्की मारायला कुणी येत नाही, त्याचं काय?

तक्रार झालीच. आमच्या संस्थेतल्या एका वजनदार माणसानं येऊन दोन दिवस सराव पाहिला आणि कार्यालयात सांगितलं, "मॅडम पोरींना नुस्तं खेळवतात, शिकवत काहीच नाहीत. मागं कसं, रांगेत, छान दिसायचं." मला बोलावणं आलं. मी शी आणि मॉर्गन सांगायला गेले आणि तिसऱ्या वाक्याला थांबले. समोरचा चहा ओतत होता. २६ जानेवारीला रांगेतलं प्रात्यक्षिक करून दाखवायचं ठरलं. दाखवलं. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गोंधळ.

गेल्या दिवाळीत गेलेली एक पोर यंदा पाडव्याच्या आधीच आली. आठवीतली, बुटकी, पळताना जरा पाय फेकते. संरक्षणात ती कधी चाळीस-पन्नास सेकंदांच्या वर टिकली नव्हती. पहिल्या दिवशी मी तिला तिघींच्या तुकडीत पळायला सोडलं, मनात धरून की लगेच बाद होईल आणि मग बघू कुठून सुरू करायचं ते. ती बाद होईना. मारायला येणारीला ती अगदी हाताच्या अंतरावर येऊ द्यायची, खांदा डावीकडं टाकायची, नजरही डावीकडं, आणि पाय उजवीकडून निघून गेलेला. असली हूल माझ्या पाठात नाही. मी घड्याळ बघायचं विसरले.

पाणी प्यायला थांबली तेव्हा विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं गं? तिथं कुणी खेळणारं होतं का?"

"न्हाई की, मॅडम," ती म्हणाली. ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं. "कोपीपशी एक कुत्रं होतं. रोज पानी आनाया निघालं की माग लागायचं."